आंबटाची किंमत सांगणाऱ्या कमलाबाई

दुर्गा भागवतांचं नाव ऐकलं नाही, अशी वाचनाची आवड असलेली बाई आपल्याकडे शोधूनही सापडायची नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून ठामपणे उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई! त्यांची धाकटी बहीण मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणींना शाळेच्या पुस्तकात भेटली नाही. शास्त्रज्ञांच्या जगात तिचं नाव मोठं. १८ जून २०२३ ला गुगलने आपल्या पानावर तिचं चित्र लावलं, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या कितीतरी मुलींनी घरी येऊन आयांना विचारलं, ही कमला सोहोनी कोण गं?

ही कमला म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी प्रयोगशाळेत नेऊन तपासणारी बाई. डाळी, वाल, दूध, नीरा, ताडगूळ हे तिच्या अभ्यासाचे विषय. मी आर्ट्सची पदवीधर. केमिस्ट्रीशी माझा संबंध लिंबू पिळण्यापुरता! पण बचतगटांच्या कामासाठी पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या बायकांमध्ये मिसळायला लागले आणि आहार हा विषय पुढ्यात आला. त्यातही सगळ्यात जास्त प्रश्न असायचे आंबटाबद्दल. आंबट खावं की नाही? कुणी खावं? कोणतं आंबट चांगलं? उत्तरं शोधता शोधता कमलाबाई भेटल्या. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगते आणि त्यांच्याबरोबर थोडी आंबटाचीही.

कमलाचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव, दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, रसायनशास्त्र शिकलेले. घरातच शास्त्राचं वारं. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स जोडीला घेऊन, आणि गुणवत्ता यादीत पहिली आली. आता पुढे काय, हा प्रश्नच नव्हता. वडील जिथे शिकले तिथेच जायचं. अर्ज गेला आणि नकार आला!

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० चं नोबेल मिळालेले, जगभर नाव झालेले. नकाराचं कारण गुण कमी हे नव्हतं. अर्ज मुलीचा आहे, एवढंच कारण होतं. वडील आणि काका विनवायला गेले, तरी उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांची ही मुलगी स्वतः बंगलोरला गेली आणि गांधीजींच्या वाटेने सत्याग्रहाला उभी राहिली. मला का घेत नाही ते सांगा, हा तिचा सवाल. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष फक्त पारखण्यासाठी, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं, आणि तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होईल असं काही करायचं नाही. या अटींचा अपमान कमलाबाई म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. पण त्या वेळी मुकाट्याने त्यांनी त्या मान्य केल्या. का? तर दार आधी उघडायला हवं होतं.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पण शिकवायचे मनापासून. कमलाने तिथे दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह झाली. तिचं काम पाहून रामन यांनी संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. एका मुलीने वर्षभर परीक्षा दिली आणि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली.

१९३७ साली कमला केंब्रिजला पोचली. तिथली जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची. अन्नात कर्बोदकं, प्रथिनं, चरबी यांच्याशिवाय आणखी काहीतरी अगदी थोडं, पण अत्यंत गरजेचं असतं, हे सिद्ध करणाऱ्यांपैकी हे एक. त्यासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. हे 'काहीतरी' म्हणजे आपण ज्यांना जीवनसत्त्वं म्हणतो ती. याच प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने एक आंबट पदार्थ वेगळा काढला होता. पुढे कळलं की तेच क जीवनसत्त्व! म्हणून त्याला नाव पडलं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही होऊ न देणारं. सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल मिळालं १९३७ मध्ये, कमला केंब्रिजला पोचली त्याच वर्षी. गंमत म्हणजे पुढे त्यांना हे आम्ल भरपूर सापडलं ते लिंबात नाही, तर आपल्या ढोबळी मिरचीच्या जातीच्या लाल मिरचीत.

कमलाचा विषय वेगळा होता. बटाट्यावर काम करताना तिला सायटोक्रोम-सी हा पदार्थ सापडला. पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, आणि तो वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे तिने दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघ्या चाळीस! जाडजूड प्रबंधांच्या त्या जगात चाळीस पानांत सांगण्यासारखं सांगून ती मोकळी झाली. शास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये तिची गणना होते.

परदेशात राहता आलं असतं, पण ती त्याच वर्षी परत आली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाची प्रमुख झाली. मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि ती मुंबईला आली. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता, तिथे प्राध्यापक झाली. इथून पुढे कमलाबाईंनी जे काम केलं ते आपल्या ताटातलं.

मैत्रिणींनो, आता थोडं आंबटाकडे वळू या. म्हणजे कमलाबाईंच्या कामाचं मोल नीट कळेल.

आम्लं दोन तऱ्हेची. तीव्र आणि सौम्य. बॅटरीतलं किंवा संडास साफ करायचं ॲसिड तीव्र. पाण्यात पडलं की त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटतात आणि आपला आम्लपणा एकदम बाहेर टाकतात. म्हणून ते भाजतं. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी चार-पाचच एका वेळी फुटलेले असतात, बाकीचे राखून ठेवलेले. आपण खातो ती लिंबू, चिंच, दही, कोकम अशी बहुतेक सगळी आंबटं या सौम्य गटातली.

सौम्य म्हणजे कुचकामी मात्र नव्हे हं! लोणचं टिकतं ते या सौम्यपणामुळेच. आम्लाचे न फुटलेले रेणू जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतात, आत जाऊन फुटतात आणि त्याची वाढ थांबवतात. जे तीव्र आम्लाला दारातून जमत नाही ते सौम्य आम्ल घरात शिरून करतं.

ही वेगवेगळी आंबटं पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळी केली ती स्वीडनमधल्या कार्ल शील नावाच्या औषधविक्याने. चिंच-द्राक्षातलं टार्टारिक आम्ल, नासलेल्या दुधातलं लॅक्टिक १७८० मध्ये, लिंबातलं सायट्रिक १७८४ मध्ये आणि सफरचंदातलं मॅलिक १७८५ मध्ये. चव आंबटच, पण आतला माणूस निराळा, हे त्याने दाखवलं. पुढे १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सेनने आंबटपणा मोजायची पट्टी काढली. आपल्या मुलांच्या पुस्तकात तिला सामू म्हणतात. शुद्ध पाणी ७ वर. आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि एकेक पायरी दहा पटींची.

या पट्टीवर आपलं फडताळ लावून बघा. दूध साडेसहाच्या थोडं वर. टोमॅटो आणि दही चार ते साडेचारच्या आसपास. द्राक्षं तीन ते चार. व्हिनेगर अडीच ते तीन. लिंबाचा रस दोन ते अडीच. म्हणजे दह्यापेक्षा लिंबू साधारण शंभर पट आंबट! आणि काळी थंड पेयं? तीही अडीचच्या जवळपास, लिंबाच्या शेजारी बसणारी. त्यांत फॉस्फोरिक आम्ल असतं, पण साखर इतकी की जिभेला पत्ता लागत नाही. दातांना मात्र लागतो. सामू साडेपाचच्या खाली गेला की दातावरचं कवच झिजायला लागतं. म्हणून आंबट किंवा असं पेय घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं.

आता एकेकीचा स्वभाव. लिंबातलं सायट्रिक जोरदार, आणि रसात त्याचं प्रमाणही शेकडा पाच-सहा. व्हिनेगरमधलं ॲसेटिक मुळात त्याच्याहून सौम्य, पण उडून नाकात जातं म्हणून जास्त झणझणीत वाटतं. दही, ताक, इडलीचं पीठ आणि आपल्या आदिवासी भागातली नागलीची आंबील, या सगळ्यांत लॅक्टिक. ते जंतूच तयार करतात. दुधाचा सामू साडेचारच्या आसपास आला की प्रथिनं एकत्र येतात आणि दही लागतं. नाशिकच्या द्राक्षांत टार्टारिक आणि मॅलिक दोन्ही. घड पिकत जातो तसं मॅलिक कमी होतं आणि साखर वाढते, म्हणून घाईने तोडलेली द्राक्षं दात आंबवतात. हरभऱ्याच्या पाल्यावर हात फिरवून बोट चाटलंत कधी? तीही मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची करामत. जुन्या बायका रात्री हरभऱ्यावर कापड अंथरून सकाळी आंब पिळून घ्यायच्या, ती हीच.

आणि क जीवनसत्त्व? तेही सौम्य आम्लच, ॲस्कॉर्बिक. पण इथे एक मोठी गल्लत होते. जितकं आंबट तितकं क जीवनसत्त्व जास्त, असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नाही! चिंच सणसणीत आंबट, पण तिच्यात क जीवनसत्त्व नावालाच. पेरू गोड, पण क जीवनसत्त्वात तो संत्र्याला कितीतरी मागे टाकतो. आवळा आंबटही आणि भरपूर क असलेलाही. तेव्हा जिभेवर विसंबून हा हिशेब होत नाही, तो मोजूनच करावा लागतो. कमलाबाईंसारखी माणसं हेच मोजायचं काम करत होती.

शिंदी आणि ताडाच्या झाडांची नीरा आपल्याला परिचयाची. पहाटे उतरवली की गोड, पण ऊन चढलं की फसफसायला लागते. साखरेची दारू होते आणि तशीच ठेवली तर दारूचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरका. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. या नीरेचा पोषणाच्या दृष्टीने अभ्यास करावा, असं राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवलं आणि कमलाबाईंनी ते काम हाती घेतलं. ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगलं असतं, आणि नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही ते बऱ्याच अंशी टिकतं, असं त्यांना आढळलं. पुढे कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

विचार करा, गरिबाच्या दारातल्या झाडाचा रस. त्याच्याकडे दारूचं झाड म्हणूनच बघितलं गेलं होतं. कमलाबाईंनी त्याच्यात औषध शोधलं, तेही गरोदर बाईला आणि वाढत्या पोरीला परवडेल असं.

कडधान्यांवरचं त्यांचं कामही असंच घरगुती. वालामध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. तो वेगळा काढून त्यांनी त्याचा अभ्यास केला. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवूनच खायचे, ही आपल्या आज्यांची रीत का योग्य होती ते अशा कामामुळे कळतं. शिवाय कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोड आल्यावर तयार होतं. आरे दूध प्रकल्पालाही दूध नासू नये, त्याचा दर्जा टिकावा म्हणून त्यांनी मार्गदर्शन केलं.

एवढं करूनही संस्थेचं संचालकपद मिळायला त्यांना काही वर्षं वाट पाहावी लागली. हक्क असून डावललं गेलं. अखेर त्या संचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. १९६९ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर नातवंडं आणि टीव्ही? छे! मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली होती. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. 'कीमत' नावाच्या तिच्या मासिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेली बाई तुमच्या-माझ्यासारखीला सावध करत होती. भेसळ ओळखायला आपलं सौम्य आम्लही उपयोगी पडतं बरं का! गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात लिंबू पिळा. धुण्याचा सोडा किंवा खडू मिसळलेला असेल तर बुडबुडे येतात.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. दुर्गाबाई त्यांच्यामागे चार वर्षांनी, २००२ मध्ये गेल्या.

आता पेठ-सुरगाण्याच्या बायकांकडे येते. आमच्या एका बैठकीत एक तरुण सून बसली होती. सातवा महिना, चेहरा पांढराफटक, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळालेल्या. सासूबाई प्रेमळ, पण म्हणाल्या, हिला आम्ही आंबट बंद केलंय. लिंबू नाही, आवळा नाही, ताक नाही. बाळाला सर्दी होते म्हणे. पोरीला पाळी आली की लोणच्याला हात नाही, बाळंतिणीला आंबट वर्ज्य, हे तर घरोघरी. या बंदीला शास्त्राचा काहीही आधार नाही. उलट तोटा आहे. भाजी, डाळ, नागली यांतलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं. म्हणजे ज्या पोरीच्या अंगात रक्त नाही, तिचंच लिंबू आपण काढून घेतो! आपल्याकडे डोहाळजेवणात चिंचा-आवळे मांडतात आणि दुसऱ्या दिवसापासून बंदी घालतात, हे कसं चालेल? त्या दिवशी मी सासूबाईंना हेच सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, सून मान खाली घालून हसत होती.

आंबटाने ॲसिडिटी होते, असंही बायका म्हणतात. आपल्या जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक, म्हणजे तीव्र गटातलं. लिंबाची त्याच्यापुढे काय मिजास? पण ज्यांना छातीत जळजळ किंवा घशाशी आंबट येण्याचा त्रास आहेच, त्यांना लिंबू-टोमॅटोने तो वाढू शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून बेताने घ्यावं. सरसकट सगळ्यांना बंदी कशाला?

आणखी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. क जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने आणि तांब्याच्या संपर्काने नाश पावतं. म्हणून लिंबू भाजीत शिजवू नका, ताटात पिळा. चिरून ठेवलेला आवळा किंवा पेरू तासन् तास उघडा ठेवू नका. कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा टाकलात तर क बरोबर ब-१ जीवनसत्त्वही जातं. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अडतं. चिंच-कोकमाची आमटी कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात करू नका, आणि लोणचं ॲल्युमिनियमच्या डब्यात भरू नका. चिनी मातीची बरणी किंवा काच, आपलं जुनंच बरं.

कमलाबाईंच्या आयुष्याकडे बघताना मला सारखं वाटतं, त्यांनी स्वयंपाकघराला कमी लेखलं नाही आणि प्रयोगशाळेला घाबरल्याही नाहीत. आपण मात्र मुलीला सायन्सला घालायचं म्हटलं की फी, बस, हॉस्टेल, लग्न, सगळ्याचा हिशेब मांडतो. बारावीला चांगले मार्क असूनही तालुक्याबाहेर जायला नको म्हणून कितीतरी मुली घरी बसतात. १९३३ साली एका मुलीला नोबेल मिळवणाऱ्या माणसाच्या दारात बसावं लागलं. आज संस्थांची दारं उघडी आहेत, अडतं ते आपल्या घराच्या उंबऱ्याशी. तुमच्या घरातली, शेजारची एखादी मुलगी असा उंबरा धरून उभी असेल, तर यंदा प्रवेशाच्या दिवसांत तिच्याबरोबर कॉलेजपर्यंत जाऊन या. आणि त्या आधी तिच्या ताटातल्या उसळीवर आठवणीने लिंबू पिळा.